सातव्या मजल्यावरचा टाउन हॉल

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

उज्ज्वलच्या कंपनीने वाटलेली ही डायरी. दर पानावर पंपाचं चित्र. सून स्मिताला नको होती, नात वल्लरीला नको होती, म्हणून माझ्याकडे आली. या घरात कुणाला नको ते आजीकडे येतं. मी चौथी पास. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण वाचणार कोण? नातीला मराठी वाचता येत नाही आणि मुला-सुनेला सवड नाही.

जेवताना उज्ज्वल म्हणाला, "आई, डिसेंबरात माझा इथला नोकरीचा पास संपतोय. कंपनी नवा काढेल की नाही, ते त्या टाउन हॉलवर आहे."

सुनेचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. पास गेला की महिनाभरात चंबूगबाळं आवरून सगळ्यांनी देशी परत.

"देन माय स्कूल हाऊ?" वल्लरी म्हणाली.

मी मान खाली घालून जेवत राहिले, कारण मला आतून बरं वाटलं. दीड वर्ष मी इथे परदेशात, आंग मो किओ नावाच्या वस्तीत नवव्या मजल्यावर आहे. करमाळ्याकडचं माझं घर कुलपात आहे. "पुढच्या महिन्यात तुझं तिकीट काढू" असं उज्ज्वल दर महिन्याला म्हणतो. आता आपोआप निघेल, सगळ्यांचंच. आईने असं मनात आणू नये. आलं. आलं ते लिहिलं.

८ ऑक्टोबर

टाउन हॉल म्हणजे काय ते आज नीट विचारून घेतलं. जर्मनीत क्विटेनबर्ग म्हणून एक गाव आहे. मला ते म्हणता येत नाही, तेव्हा मी नुसतं गाव लिहिणार. तिथली ही जुनी नगरसभेची इमारत. आपली चावडी समजा, पण लाकडी, तीन मजली, वर मनोरा. गावाने हमरस्त्याला काचेची नवी बांधली आणि ही ओस पडली. कंपनीचा म्हातारा मालक त्याच गावचा. त्याने मागितली, गावाने दिली. त्याने ती उकलली, तुळयांवर आकडे टाकले, चौदा कंटेनर भरले आणि इथे कंपनीच्या सातव्या मजल्यावर, पूर्वी मोठी यंत्रं होती त्या उंच दालनात, परत उभी करायला लावली. का, तर येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण कुठून आलो ते दिसावं.

मी म्हटलं, मग तू आपली चावडी आण. उज्ज्वल हसला नाही.

उज्ज्वल पंपाचा इंजिनियर. हे काम त्याला का, असं विचारलं. म्हणाला, मीटिंगमध्ये मी दाराजवळ बसलो होतो.

मनोरा छताला लागला, म्हणून तो बाजूला आडवा ठेवलाय, आजारी माणूस निजवावा तसा. एक तुळई उरली आहे. कुठली ते कुणाला कळत नाही. इमारत उभी आहे, म्हणून तिच्याविषयी कुणी बोलत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज खरी गोम कळली. इमारतीला १५१२ सालची सनद आहे. दर वर्षी अकरा नोव्हेंबरला सात गृहस्थांनी तिच्यात बसायचं. सातही जण तिची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणारे हवेत. सर्वांत वयस्क माणसाने मधल्या खुर्चीत बसून इमारतीची सगळी हकिगत तोंडपाठ सांगायची आणि मग सात जणांनी एक खरं भांडण मिटवायचं. ज्या वर्षी हे झालं नाही, त्या वर्षी इमारत शेजारच्या गावाची. पाचशे तेरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. शेजारचं गाव अजून वाट बघतंय. त्यांचा वकील अकरा तारखेला विमानाने इथे येणार आहे.

"इमारत हलवली तरी सनद लागू?" मी विचारलं.

"सनदेत घर म्हटलंय, जागा म्हटलेली नाही," उज्ज्वल म्हणाला. "मालकाने सही केल्यावर वाचली."

आज घंटा फोर्कलिफ्टला टांगून वाजवली. उज्ज्वल खाली रस्त्याने कान देत चालत सुटला. दुकानं ओलांडली, शाळा ओलांडली, आणि आमच्या ब्लॉकखाली येऊन थांबला. तिथपर्यंत ऐकू येत होती, पुढे नाही. म्हणजे गावाचे गृहस्थ आता आमच्या ब्लॉकमधले.

१४ ऑक्टोबर

सकाळी बुद्धवंदना केली. आज दीक्षेचा दिवस, गावाकडे सगळे पांढऱ्या कपड्यांत असतील.

सात जण जमले. अकराव्या मजल्यावरची मिसेस लिम, दहाव्यावरची फातिमा, बस चालवून रिटायर झालेले अरुमुगम, कॉफी शॉपमध्ये दिवसभर बुद्धिबळ खेळणारे तिघे चिनी काका, आणि मी. वयाने मोठी कोण यावरून तासभर गेला. मिसेस लिमने कार्ड दाखवलं, अठ्ठ्याहत्तर. माझ्या पासपोर्टवर एक जून एकोणीसशे शेहेचाळीस, म्हणजे एकोणऐंशी. उज्ज्वलची मॅनेजर हाइके म्हणाली, वा, तारीख नक्की आहे. मी पासपोर्ट पिशवीत ठेवला. आमच्या शाळेत निम्म्या पोरांची तारीख एक जून. मास्तर उन्हाळा संपला की नावं घालायचे आणि सगळ्यांना एकदम जन्माला घालायचे. मी सत्त्याहत्तरचीही असेन. पण कागद माझ्या बाजूने.

हाइकेने विचारलं, यांना सभा चालवायचा अनुभव आहे का?

"माय मदर वॉज सरपंच. फाइव्ह इयर्स," उज्ज्वल छाती काढून म्हणाला.

इथे खरं लिहिते. जागा राखीव निघाली म्हणून मी सरपंच झाले. खुर्चीत उपसरपंच बसायचा, मी दाराशी सतरंजीवर. आमच्या वस्तीवरच्या बाईने त्या खुर्चीत बसू नये हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना पाठ होतं. सभेला माणसं यायची नाहीत, कोरम भरायचा नाही, मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. अर्ध्या तासाने चौघे बसून गावाचा कारभार उरकायचे आणि ग्रामसेवक माझ्याकडे कोरं पान सरकवायचा. मी खाली सही करायचे. वर काय लिहिलं ते मला पाच वर्षांत कळलं नाही. उज्ज्वलचे वडील रावसाहेब म्हणायचे, सही कर आणि घरी चल, म्हैस खोळंबलीय.

हा अनुभव. हाइकेने ताटलीतली कोथिंबीर वडी चार वेळा घेतली आणि माझी नेमणूक झाली.

२२ ऑक्टोबर

वल्लरी शाळेतून आली की कंपनीने दिलेल्या पुस्तकातून इमारतीची हकिगत वाचते, तिच्या मराठीत सांगते, मी माझ्या मराठीत पाठ करते.

बांधली १५१२ साली. खाली पावाची दुकानं आणि गावचा तराजू, वर सभा, तळघरात कोठडी. पाव वजनाला हलका भरला की बेकरीवाला तळघरात. वर त्याची बायको तोच पाव विकत बसलेली.

मग मोठी लढाई झाली, दोन सैन्यं आली, इमारत जळली. दोन्ही सैन्यं म्हणतात दुसऱ्याने जाळली. त्या अकरा नोव्हेंबरला सात जण राखेत उलट्या बादल्यांवर बसले. भांडण कशाचं, तर आग लागली तेव्हा बादल्या कुठे होत्या.

परत बांधली. मग फ्रेंच फौज आली. त्यांनी घोडे थंडीत मरू नयेत म्हणून जिन्याने वर सभेत नेले. घोडा जिना चढतो, उतरत नाही. हिवाळाभर घोडे वर. सात जण घोड्यांच्या मधे बसले. निकालाचा कागद घोड्याने खाल्ला, म्हणून निकाल परत लिहिला, आणि दुसऱ्यांदा तो उलटा लागला.

मनोऱ्याच्या घड्याळाला एकच काटा आहे. दुसरा कसला करावा, लोखंडी की पितळी, यावर सभेत नव्वद वर्षं एकमत झालं नाही.

"आजी, दीज पीपल व्हेरी स्लो, लाह," वल्लरी इथल्या पोरांसारखं शेवटी लाह जोडून म्हणाली.

"आमच्या गावात अजून शाळेचं छत व्हायचंय," मी म्हटलं.

मग वाईट माणसांचं राज्य आलं. त्यांचा झेंडा मनोऱ्यावर लागला. सातांतल्या एकाला त्याच्या धर्मावरून खुर्चीतून उठवलं, त्याच्या जागी दुसरा बसवला. पुस्तकात लिहिलंय, सभा रीतसर झाली. वल्लरी पान उलटत होती. मी म्हटलं, थांब. त्या माणसाचं नाव दिलंय का? तिने बोट फिरवून बघितलं. नाव नाही. पुढे त्याचं काय झालं, तेही नाही.

मी सांगेन तेव्हा इथे थांबणार आहे. कुणाला बघायचं तर बघू दे घड्याळ.

त्यानंतर बँक, मग गालिच्यांचं दुकान, मग वटवाघळं. मग आमचा उज्ज्वल.

२९ ऑक्टोबर

भांडणाची सोय झाली. मिसेस लिम ओले कपडे बांबूला घालून खिडकीबाहेर काढते आणि पाणी खालच्या फातिमाच्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबकतं. सहा वर्षं दोघी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये एक आली की दुसरी जिन्याने जाते. फातिमाचे गुडघे त्यातच गेले. असं पक्कं भांडण शोधून मिळत नाही. उज्ज्वल म्हणाला, आई, अकरा तारखेपर्यंत दोघींना जप.

मी लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं. दोघींना फक्त एकत्र चहा पाजायचा. भांडण मिटलं की सभा बुडाली, सभा बुडाली की पास गेला, पास गेला की माझं कुलूप उघडलं.

असं करणारी आई म्हणजे काय म्हणावं. काही म्हणू नये, करूच नये.

३ नोव्हेंबर, सोमवार

दोघींना चहाला बोलावलं. तालीम म्हणून. अकरा तारखेला तक्रार कशी मांडायची ते शिकवायला नको का? फातिमाला हिंदी सिनेमामुळे हिंदी येतं, मिसेस लिमला हातवारे पुरतात. दिवाळीचा उरलेला चिवडा ठेवला.

पहिली दहा मिनिटं चांगली गेली. तोंडं दोन बाजूंना. मग मी मिसेस लिमला म्हटलं, तू असं बोट रोखून बोल. फातिमाला म्हटलं, तू मधे रड. फातिमा मिसेस लिमकडे बघून म्हणाली, ही बाई आपल्याला फार हुकूम सोडते. मिसेस लिमने मान डोलवली. मग चहा फार गोड आहे यावर दोघींचं एकमत झालं. मग चिवडा तिखट आहे यावर. पाच वाजता मिसेस लिमने कबूल केलं की ती बांबू पलीकडच्या खिडकीत घालील. दोघी हात धरून लिफ्टमध्ये शिरल्या.

मी मुद्दाम केलं का? नाही. तालीम होती. पण दार लावल्यावर मी उरलेल्या चिवड्याचा बकाणा भरला आणि मला करमाळा स्टँडवरची एसटीची घोषणा ऐकू आल्यासारखी झाली.

उज्ज्वलला सांगितलं नाही. दोघींनाही म्हटलं, बोलू नका. त्या म्हणाल्या, बघ, परत हुकूम.

९ नोव्हेंबर, रविवार

उज्ज्वल मला इमारत दाखवायला घेऊन गेला. यंत्राच्या दालनात लाकडाचं अख्खं घर, आत पाऊल टाकलं की जुन्या धान्याच्या कणगीसारखा वास. मनोरा आडवा पडून एका काट्याने वेळ सांगत होता.

पोरगं पंप विसरलंय. लाकडी हातोडी घेऊन फिरत होता, कुठली खुंटी सैल आहे ते ठोकून बघत होता. बोटांना तीन ठिकाणी पट्ट्या. "आई, एकही खिळा नाही यात. ही तुळई एकशे बारा, ही एकशे तेरा. ही दोघं एकमेकांत अडकली की वरचा अख्खा मजला पेलतात." आकडे न बघता सांगत होता. लहानपणी पाढे येत नव्हते याला, मार खायचा.

मग मला खुर्चीत बसवलं. पाठीला सिंह कोरलेले. माझे पाय जमिनीला टेकेनात. त्याने उरलेली तुळई ओढून आणली आणि माझ्या पायांखाली सरकवली.

"आता बरोबर," म्हणाला. "आता काही उरलं नाही."

मला भांडण मिटल्याचं सांगायचं होतं. तोंडातून आलं, इथला एसी फार जोरात आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

चारला घंटा वाजली. वकील उंच, ओठ शिवल्यासारखे. हाइके, स्मिता, शाळेच्या कपड्यांत वल्लरी दुभाषी. सहा जण आले, अरुमुगम नाहीत. लॉटरीच्या रांगेत होते. वकिलाने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, सभा अर्धा तास तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. वल्लरीने सांगितलं. वकिलाने विचारलं, हे कुठल्या कायद्यात आहे? मी म्हटलं, आमच्या. तो लिहीत बसला तेवढ्यात अरुमुगम आले.

हकिगत सांगितली. घोड्यांपाशी काका लोक हसले. त्या एका माणसापाशी आले तेव्हा थांबले. मनात पन्नास आकडे म्हटले. वकील मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं, विसरलात का? मी म्हटलं, नाही. पुढे गेले.

मग मी म्हटलं, भांडण मांडा. मिसेस लिम आणि फातिमा उठल्या. फातिमाने बोट रोखलं आणि तिला हसू फुटलं. मिसेस लिमने तिला सावरायला हात धरला. वकील म्हणाला, भांडण दिसत नाही. फातिमाला खोटं बोलता येत नाही. "मागच्या आठवड्यात सोमवारीच मिटलं," ती म्हणाली. "हिच्या घरी. चहावर."

उज्ज्वलने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या तुळईचा आकडा चुकला तर बघेल तसं.

हाइकेने विचारलं, दुसरं भांडण कुणाकडे आहे? काका लोकांनी एकमेकांकडे बघितलं. अरुमुगम म्हणाले, माझी बायको गेली, आता कुणाशी भांडू? वकिलाने पेनचं टोपण काढलं.

मला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. अजून दोन मिनिटं आणि मी घरी गेले असते.

मी म्हटलं, "माझं आहे. माझ्या मुलाशी."

वकील म्हणाला, अध्यक्ष आणि फिर्यादी एक चालणार नाही. मग मी तुळईवरून खाली उतरले. पाऊण तास मिळाली होती खुर्ची. मिसेस लिम चढून बसली, लगेच पाठ ताठ केली. बाईला आवडली ती.

मी म्हटलं, हा दर महिन्याला म्हणतो, पुढच्या महिन्यात तिकीट काढू. काढत नाही.

"सेव्हन्टीन टाइम्स, लाह," वल्लरीने स्वतःचं घातलं.

वकील म्हणाला, हे आयत्या वेळी रचलेलं वाटतं. त्यावर उज्ज्वल बोलला, पण त्याच्याशी नाही, माझ्याशी.

"तिथे आहे कोण? बाथरूममध्ये पडलीस तर शेजारी चौथ्या दिवशी दार फोडतील."

"चौथ्या दिवशी तरी फोडतील. इथे शेजाऱ्याला माझं नाव माहीत नव्हतं, या बायांशी ओळख होईपर्यंत."

"मग झाली ना ओळख."

"ओळख झाली म्हणून माझं घर पडू देऊ? दोन पावसाळे कौलं शाकारली नाहीत. तुझा बाप असता तर..."

"बाबांच्या वेळी मी नव्हतो," उज्ज्वल म्हणाला. "तिसऱ्या दिवशी पोचलो. परत तसं नको मला. कळलं तुला?"

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ते तुझं झालं. त्यासाठी मला इथे कपाटात ठेवशील? तो म्हणाला, चहा पाजून माझी नोकरी घालवायला निघाली होतीस. मी म्हटलं, होते. स्मिता मधे पडली, तिला दोघांनी गप्प केलं. म्हैस विकल्याचा विषय निघाला, त्याच्या लग्नात माझ्या भावाला बसवलं कुठे तो निघाला. वल्लरीने तिसऱ्या वाक्यानंतर भाषांतर बंद केलं होतं. वीस मिनिटांनी दम लागून थांबलो तेव्हा वकिलाने पेनला टोपण लावलं होतं.

"भांडण खरं आहे," तो म्हणाला.

सहा जण आडव्या मनोऱ्यामागे जाऊन बसले. मिसेस लिमने निकाल दिला. मुलाने आत्ता, इथे, सगळ्यांसमोर आईचं तिकीट काढावं. आईने रोज सकाळी आठला त्याला फोन करावा. आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत फोन आला नाही तर शेजाऱ्याने दार फोडावं, त्या शेजाऱ्याचा नंबर आज घ्यावा. आणि पुढच्या अकरा नोव्हेंबरच्या आत आईने परत यावं, कारण सातवं माणूस कुठून आणायचं?

उज्ज्वलने फोनवर तिकीट काढलं. दोनदा माझं नाव चुकीचं घातलं. वकिलाने फोन हातात घेऊन तिकीट वाचलं आणि सनदेखाली सही केली. मग कागद माझ्यापुढे आला. मी आधी वल्लरीला सगळा वाचायला लावला. मग सही केली.

वकील जाताना म्हणाला, आमचं गाव पाचशे तेरा वर्षं थांबलंय, अजून एक थांबेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हाइकेचा फोन आला. पास पुढे वाढणार. स्मिताने शिरा केला. उज्ज्वल माझ्याशी बोलत नाही, पण सकाळी माझ्या जुन्या बॅगेचं चाक दुरुस्त करत बसला होता. मी पण बोलले नाही. निकालात बोलण्याचं काही नव्हतं.

तिकिटाचा कागद नीट बघितला. जायचं एक डिसेंबर. यायचं तीस ऑक्टोबर. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, हे चालायचं नाही, यायचं जुलैचं कर.

तो बघतच राहिला. "तुलाच तर जास्त राहायचं होतं ना तिथे?"

मी म्हटलं, राहायचंच आहे. पण फातिमा आणि मिसेस लिम काल बाजारात एक पिशवी दोन बाजूंनी धरून चालल्या होत्या. काका लोक बुद्धिबळात हरले तरी हसतात. पुढच्या वर्षी भांडण आणणार कुठून? या वेळी आयत्या वेळी निभावलं. भांडण मुरायला चार महिने तरी लागतात, आणि मी इथे नसले तर ही सगळी माणसं गुण्यागोविंदाने राहतील.